माळरान म्हणजे पडीक नव्हे

पावसाळा तोंडावर आला की वृक्षारोपणाचे आकडे जाहीर होऊ लागतात. महाराष्ट्रात २०१६ साली दोन कोटी, तर २०१९ साली तेहतीस कोटी रोपांचे उद्दिष्ट ठेवण्यात आले होते. हेतू स्तुत्य होता, याविषयी दुमत नाही. प्रश्न एवढाच की, रोप लावण्यापूर्वी त्या जागी काय उगवत होते, हे कोणी पाहिले काय?

हिंगोली जिल्ह्यातील औंढा, सेनगाव, कळमनुरीकडच्या मुरमाड माळांसारख्या जमिनीची गणना पडिकात करण्याची आपल्या प्रशासनाची जुनी रीत आहे. वस्तुतः ही गवताची भूमी होय. पवन्या, शेडा, मारवेल, कुसळी ही येथली मूळची गवते. त्यांत विखुरलेले पळस, बोर, हिवर आणि उतारावर धावडा, सालई. या गवतांच्या मुळांची जाळी माती धरून ठेवते, पाणी जिरवते. मराठवाड्यातील लाल कंधारी गाय आणि धनगरांची मेंढरे अशाच कुरणांवर पोसली. तेथे खड्डे खणून गिरिपुष्प वा सुबाभूळ लावणे म्हणजे हिरवळीच्या नावाखाली चारा घालवणे होय.

माळाचे पुनरुज्जीवन खर्चापेक्षा चिकाटीचे काम आहे. घाणेरी बी धरण्यापूर्वी मुळासकट काढावी, हिवाळ्याच्या आरंभी देशी गवताचे बी गोळा करावे, पावसाच्या तोंडावर पेरावे आणि दोन-तीन वर्षे चराई थांबवावी. खरी मेख या शेवटच्या अटीत आहे. चराईबंदीची किंमत अंदाजपत्रकात दिसत नाही. ती भूमिहीन गुराख्याच्या माथी पडते. लाभ सर्वांचा आणि तोटा एकाचा, अशी व्यवस्था टिकत नाही. कुंपण रातोरात तुटते.

म्हणून माळ एकदम बंद न करता तुकड्यातुकड्याने राखावा. बी झडल्यावर गवत कापून नेण्याचा पहिला हक्क गुरे पाळणाऱ्या भूमिहीन कुटुंबांना द्यावा. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने रोजगार हमीचा मार्ग धरला. त्यात घाणेरी काढण्याच्या मजुरीस स्थान मिळावे.

इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीच्या माळावर चिंकारा व लांडगा पाहण्यास लोक जातात. तेथे वनखात्याने गवताळ प्रदेशाची सफर सुरू केली असून स्थानिक तरुणांना वाटाडे म्हणून काम मिळाले आहे. औंढा नागनाथास येणाऱ्या भाविकांसाठी लगतच्या टेकडीवरून एखादी पायवाट आखून दुतर्फा असे राखीव गवत वाढविले, तर माळ रिकामा नसतो, हे हजारोंना व्याख्यानाविना कळेल.

यंदा किती खड्डे खणले, हे विचारणे सोपे आहे. किती पेंढ्या गवत निघाले आणि ते कोणाच्या गोठ्यात गेले, हे विचारण्याची सवय आपण ज्या दिवशी लावून घेऊ, त्या दिवशी माळाचा हिशेब सरळ होईल.