मोबाईलवर आलेला निरोप

‘एचआयव्ही’ हा शब्द आपल्या घरांत अजूनही हळू आवाजातच उच्चारला जातो. मग कॉलेजात जाणाऱ्या किंवा नोकरीसाठी परगावी राहणाऱ्या पोरांनी मनातली शंका विचारायची तरी कुणाला? तपासणीला जावं, तर सरकारी दवाखान्यात कुणी ओळखीचं भेटलं तर काय, ही धास्ती! आजारापेक्षा ही धास्तीच जास्त घात करते, असं मला वाटतं.

दक्षिण आफ्रिकेत या धास्तीवर मोबाईलने एक वाट काढली. तिथे फोनमध्ये पैसे नसले की ‘मला फोन कर’ असा फुकट मेसेज पाठवता येतो. आपल्या मिस्ड कॉलचाच भाऊ म्हणा ना! या मेसेजमध्ये बरीचशी जागा रिकामी राहायची. २००८ साली ‘प्रोजेक्ट मासिलुलेके’ने तिथे एचआयव्हीबद्दल दोन शब्द आणि हेल्पलाईनचा नंबर घातला, तोही लोकांच्या बोलीत. रोज सुमारे दहा लाख मेसेज जाऊ लागले आणि हेल्पलाईनचे फोन कितीतरी वाढले.

त्याच वर्षी युगांडातल्या म्बरारा भागात एसएमएसवरून प्रश्नमंजूषा झाली. प्रश्नांची उत्तरं द्या आणि मोफत तपासणीला या, असं आमंत्रण होतं. बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. पण काहीजण खरोखरच केंद्रावर पोचले.

मैत्रिणींनो, खरी गोम इथेच आहे. मोबाईल तोंड बघत नाही, नाव विचारत नाही, म्हणून मुलं त्याच्याशी बोलतात. पण रक्त काही मोबाईल तपासत नाही. निरोपाच्या पलीकडे शांतपणे ऐकून घेणारं माणूस हवंच.

आपल्याकडे ते आहे, बरं का. १०९७ ही हेल्पलाईन मोफत आहे. सरकारी रुग्णालयांतल्या आयसीटीसी केंद्रांत तपासणी फुकट होते, आधी आणि नंतर समुपदेशनही मिळतं. नुकताच धोका घडला असेल, तर एका ‘निगेटिव्ह’ रिपोर्टवर थांबू नये. पुन्हा कधी तपासायचं ते समुपदेशक सांगतात. २०१७च्या कायद्यानुसार संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि रिपोर्ट गुप्त ठेवावा लागतो. औषधं तर सरकारी केंद्रांत २००४ पासून मोफत मिळतात. ती नेमाने घेतली तर माणूस वर्षानुवर्षं चांगला जगतो. रक्तातला विषाणू तपासणीत सापडणार नाही इतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागणही होत नाही.

आपण आयांनी काय करायचं? मुलांचे फोन चोरून वाचायचे नाहीत. एका फोनवर अख्खं घर चालत असेल, तर एखादा मेसेज दिसला म्हणून लगेच उलटतपासणी नको. विचारणं हा काही गुन्हा नव्हे. गॅसच्या नंबराशेजारी १०९७ लिहून ठेवा. कुणासाठी, ते सांगायची गरज नाही. ज्याला हवा, तो आपसूक बघेल.