ओळखीची किंमत किती?

पुण्यात बिल्डरांना आणि इंजिनिअरिंग कॉलेजांना तोटा नाही. त्यामुळे “तुझे काका दुबईला आहेत ना? गाठ घालून दे, तुझं कमिशन तुला!” अशी ऑफर हॉस्टेलवर कुणालाही येऊ शकते. मित्रांनो, या ओळखीचे रास्त पैसे किती, आणि ते केव्हा घ्यायचे?

आधी एक फरक समजून घेऊ. काकांनी फ्लॅट घेतला तर ते ग्राहक. बिल्डरच्या धंद्यात पैसे घातले तर गुंतवणूकदार.

ग्राहक आणलात तर २०१६ चा रेरा कायदा लागू होतो. त्यात एजंटची व्याख्या फार मोठी आहे. मोबदला घेऊन नुसती ओळख करून देणारासुद्धा एजंटच! प्रोजेक्ट रेराखालचा असेल तर एजंटची महारेराकडे नोंदणी हवी, आणि २०२३ पासून त्यासाठी परीक्षाही द्यावी लागते. नोंदणी नसेल तर दिवसाला १०,००० रुपये दंड, तोही फ्लॅटच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. म्हणजे कमिशनपेक्षा दंडच जास्त!

आता गुंतवणूकदार. समजा काकांनी २० लाख दिले आणि बिल्डरने त्यातूनच ५ टक्के, म्हणजे १ लाख, तुम्हाला दिले. कामाला लागले फक्त १९ लाख. त्यांचे पुन्हा २० व्हायलाच सव्वापाच टक्के नफा लागतो. शिवाय तुमचे पैसे पहिल्याच दिवशी खिशात. मग बिल्डिंग उभी राहो न राहो, तुम्हाला काय फरक पडतो? फरक पडतो तो काकांना.

म्हणून रास्त मार्ग दोनच. नुसती ओळख करून दिली असेल तर एक ठराविक, बेताची रक्कम. टक्केवारीच हवी असेल तर ती नफ्यातून, आणि काकांना त्यांचे पैसे मिळतील तेव्हाच. १८७२ चा करार कायदाही सांगतो, की वेगळं काही ठरलं नसेल तर एजंटचा मोबदला काम पुरं झाल्यावर. पण ‘काम पुरं’ म्हणजे काय? भेट झाली, चेक वटला, की परतावा आला? काकांनी दोन वर्षांनी पुन्हा पैसे घातले तर त्यावर तुमचा हक्क आहे का? हे आधीच लेखी ठरवा. नाहीतर पुढे भांडणं ठरलेली.

ठेवी म्हणून लोकांकडून पैसे गोळा करणं चालू असेल तर मात्र लांबच राहा. पुण्यातले प्रसिद्ध बिल्डर डी. एस. कुलकर्णी यांच्यावर ठेवी परत न केल्याच्या आरोपावरून २०१७ मध्ये गुन्हा दाखल झाला आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये त्यांना अटक झाली. ठेवीदारांत कित्येक पेन्शनर होते. आता २०१९ च्या कायद्याने बेकायदा ठेव योजनेत खोटी आश्वासनं देऊन कुणाला पैसे गुंतवायला लावणं हाही गुन्हा आहे.

शेवटी एक सोपी टेस्ट. आपल्याला किती मिळणार, हे बिल्डरसमोर बसून काकांना सांगता येतं का? येत नसेल तर ते कमिशन घेऊच नका.