शाळेच्या अंकावरून नाव घेतलेला बँड



गेल्या महिन्यात आमच्या चिरंजीवांनी जाहीर केले, "शनिवारी मराठीचा वर्ग नको, मला मित्रांच्या बँडमध्ये गिटार वाजवायचीय." आम्ही पडलो इंजिनिअर! नाही म्हणण्याआधी माहिती गोळा करायला बसलो. ती येथे देत आहोत.

१९६१ साली क्लिफ रिचर्ड आणि 'द शॅडोज' सिंगापूरला येऊन गेले. तीन गिटार आणि एक ड्रमचा संच एवढ्यावर चौघांनी सारे स्टेडियम दणाणून सोडले. येथील मुलांना गिटारचे वेडच लागले. त्याच वर्षी क्वीन्सटाऊन सेकंडरी टेक्निकल स्कूलच्या काही मुलांनी बँड काढला. शाळेच्या अंकाचे नाव होते 'क्वेस्ट', म्हणजे शोध. त्यावरून बँड झाला 'द क्वेस्ट्स'.

चार जणांचा एवढा आवाज कसा? इलेक्ट्रिक गिटारच्या पोलादी तारांखाली लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. तार कंप पावली की वेटोळ्यात क्षीण वीजप्रवाह निर्माण होतो. अँप्लिफायर तो अनेक पटींनी वाढवून स्पीकरला देतो.

१९६४ मध्ये त्यांची 'शँटी' ही रेकॉर्ड निघाली. बँडमधल्याच हेन्री चुआने ती रचली होती. तिने चक्क बीटल्सना मागे टाकून सिंगापुरात पहिला क्रमांक पटकावला! स्थानिक बँडला हा मान प्रथमच मिळत होता. 'शँटी'त शब्द नाहीत, नुसते वाद्यसंगीत आहे. घरोघरी वेगळी भाषा बोलणाऱ्या या शहरात ते सर्वांनाच आपले वाटले असावे. पुढे क्वेस्ट्सने साकुरा टेंग, रीटा चाओ यांच्या चिनी गाण्यांनाही साथ केली. त्यांचा गिटारवादक रेजी वर्गीस नंतर रेकॉर्ड कंपनीत निर्माता झाला.

१९७० मध्ये बँड फुटला. पुढे सरकारला लांब केस आणि अमली पदार्थांची धास्ती वाटू लागली. १९७२ मध्ये 'लेड झेपेलिन'ला लांब केसांपायी येथे प्रवेशच मिळाला नाही!

हे सारे वाचल्यावर आमचा विरोध मावळला. तह असा झाला: सकाळी मराठी, दुपारी गिटार. बँडला अजून नाव सापडलेले नाही. मुलांनो, आपल्या या अंकाचे नाव वापरायला आमची हरकत नाही!