पट्टीवरची गायब रेघ

कांदा, डाळिंब, द्राक्षं भरलेले ट्रक विंचूर-प्रकाशा मार्गाने नाशिक जिल्ह्यातल्या सटाण्यातून जातात. समजा, इथल्या नाक्यावर १००० चालकांची लघवी गांजासाठी जागेवरच चाचणीपट्टीने तपासली आणि त्यांतल्या २० जणांनी खरोखर गांजा ओढलेला आहे. पट्टी ९५ टक्के अचूक धरू: ओढणाऱ्या शंभरांतले ९५ पकडते, न ओढणाऱ्या शंभरांतले ९५ सोडते. ऐकायला झकास. पण २० पैकी १९ सापडतील तेव्हा उरलेल्या ९८० पैकी ४९ जण विनाकारण अडकतील. ६८ ‘पॉझिटिव्ह’, त्यांत खरे १९! आकडे मानलेले आहेत, गणित मात्र पक्कं आहे. सरसकट सगळ्यांना न अडवता, ज्याच्या केबिनमधून वास येतोय त्यालाच तपासलं, तर हीच पट्टी कितीतरी भरवशाची ठरते.

पट्टी गांजा शोधत नाही. गांजातल्या टीएचसीचं यकृतात रूपांतर होऊन टीएचसी-सीओओएच नावाचं संयुग लघवीत उतरतं, त्याला पट्टीवरची प्रतिपिंडं ओळखतात. कोरोनाच्या किटमध्ये रेघ उमटली की पॉझिटिव्ह, इथे उलटं. ते संयुग प्रतिपिंडांना अडवून धरतं, म्हणून रेघ उमटतच नाही. सर्रास वापरली जाणारी मर्यादा मिलिलिटरला ५० नॅनोग्रॅमची आहे. अंधूक रेघ म्हणजेही निगेटिव्ह, आणि घाईत नेमकं तेच चुकतं. शिवाय बहुतेक किट २ ते ३० अंशांत ठेवायचे असतात. मे महिन्यात सटाण्याच्या उन्हात उभ्या जीपमध्ये ते किती तग धरतील?

प्रतिपिंडं फसतातही. एचआयव्हीवरच्या एफाविरेंझमुळे काही चाचण्या खोट्या पॉझिटिव्ह आल्याची नोंद आहे. पित्तावरच्या पँटोप्रॅझोलच्या बाबतीतही असे अहवाल आहेत, आणि ही गोळी तर आपल्याकडे घरोघरी असते. उलट बाजूने, भरपूर पाणी प्यायलेला गांजेकस सुटू शकतो. म्हणून नीट तपासणीत लघवीचं तापमान आणि क्रिएटिनिनही पाहतात.

माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. टीएचसी चरबीत साठतं. एखाद्या वेळी ओढणाऱ्याची लघवी साधारण तीन दिवस, रोज ओढणाऱ्याची महिनाभरही पॉझिटिव्ह येऊ शकते. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मधला प्रश्न असतो, या क्षणी चालकाचा गाडीवर ताबा आहे का? दारूसाठी तिथे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अशी रेषा आखलेली आहे. गांजासाठी आकडाच नाही, आणि लघवी तो देऊही शकत नाही. भरीस भर म्हणजे अमली पदार्थांवरच्या १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे. फुलोऱ्यांविना नुसती पानं त्या व्याख्येबाहेर, म्हणून पानांची भांगही बाहेर (तिच्यावर महाराष्ट्रात दारूबंदी कायद्याचं वेगळं नियंत्रण आहे). शिवरात्रीला भांग प्यायलेल्याची पट्टी आणि चिलीम ओढलेल्याची पट्टी सारखीच दिसते.

वैमानिकांसाठी मात्र ३१ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या (डीजीसीए) नियमांत पट्टीचा निकाल शेवटचा मानत नाहीत; त्यानंतर पुष्टीकरण चाचणी होते. वायुवर्णलेखन आणि वस्तुमान वर्णपटमापन या जोडतंत्राने नेमका रेणूच ओळखला जातो, त्यामुळे पित्ताच्या गोळीचा घोटाळा उरत नाही. सटाण्यातल्या चालकाला ही सोय मिळायची, तर सीलबंद बाटली सुमारे ९० किलोमीटरवरच्या नाशिकच्या न्यायसहायक प्रयोगशाळेपर्यंत पोचायला हवी आणि अहवाल येईपर्यंत त्याच्या नावापुढे ‘नशेबाज’ लिहिलं जायला नको.