पल्ला छोटा, कस मोठा!

जानेवारी जवळ आला की ऑफिसच्या कॅण्टीनमध्ये एकच प्रश्न फिरतो. 'हाफ की फुल?' मुंबई मॅरेथॉनच्या ४२ किलोमीटरवाल्याची कॉलर ताठ, २१वाला सावरून बसलेला आणि दहा किलोमीटरवाला बिचारा गुपचूप चहा पितोय! अगदी हाच सीन घोड्यांच्या जगातही चालतो, फक्त तिथे किलोमीटरचे आकडे ऐकून आपल्याला घाम फुटतो.

खेळाचं नाव एन्ड्युरन्स रायडिंग. एक घोडा, एक स्वार आणि दिवसभराचा रस्ता. सगळ्यात गाजलेली राइड कॅलिफोर्नियातली टेविस कप. १९५५ पासून सुरू असलेल्या या राइडमध्ये एका दिवसात शंभर मैल कापायचे, म्हणजे १६० किलोमीटर. गोंदियाहून रेल्वेने नागपूर साधारण १३० किलोमीटर. तेव्हा घोड्यावर बसून नागपूर मागे टाकायचं आणि बुटीबोरीपर्यंत जायचं असा हिशेब झाला. सॉलिड ना?

मी मूळची मुर्रीची, गोंदिया शहराजवळच्या गावातली. आमच्याकडे घोडा दिसतो तो वरातीत, नवरदेवाला घेऊन. आणि शर्यत म्हटली की शंकरपट! बैलजोडी सुटते, धुरळा उडतो आणि काही सेकंदांत निकाल. मधली काही वर्षं पट बंद होते. २०२१ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली, २०२३ मध्ये राज्याचा कायदाही वैध ठरवला आणि पट पुन्हा भरू लागले. त्यामुळे दिवाळीत घरी जेव्हा मी सांगितलं, की या घोड्यांच्या शर्यतीत मध्येमध्ये थांबून डॉक्टरला नाडी दाखवावी लागते, तेव्हा काकांनी तोंडातला चिवडा थांबवून विचारलं, मग पाहायचं काय त्यात?

तर काका, नाडीच पाहायची!

निवांत उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला तीस-चाळीसच्या घरात असते. धावून आल्यावर ती किती चटकन उतरते, यावर सगळा खेळ. प्रत्येक टप्प्यानंतर पशुवैद्यक नाडी मोजतात, हिरड्यांचा रंग बघतात, मानेवरची कातडी चिमटीत धरून शरीरातलं पाणी कमी झालंय का ते तपासतात, पोटाला स्टेथोस्कोप लावून आतड्यांचा आवाज ऐकतात. मग घोड्याला दुडक्या चालीने पळवून लंगडतोय का, हेही पाहतात. काही खटकलं तर खेळ खल्लास. तुम्ही पहिल्या नंबरावर असलात तरी!

आता येऊ आपल्या 'दहा किलोमीटरवाल्या'कडे. अमेरिकेत एन्ड्युरन्सचा कारभार पाहणारी एईआरसी ही संस्था १९७२ मध्ये स्थापन झाली. तिच्याकडे पन्नास मैल आणि पुढची राइड म्हणजे एन्ड्युरन्स. पंचवीस ते पस्तीस मैलांच्या राइडला म्हणतात लिमिटेड डिस्टन्स. नावातच 'लिमिटेड' आल्यामुळे जुनी खोडं नाक मुरडतात, की हे कसलं एन्ड्युरन्स, ही तर सकाळची रपेट! यावर तिकडे वर्षानुवर्षं वाद झडलेत.

पण नियम वाचला आणि मी या छोट्या राइडच्या प्रेमातच पडले. पन्नास मैलांत तुम्ही रेषा ओलांडली, की ती तुमची वेळ. नाडी त्यानंतर ठरलेल्या मुदतीत उतरली म्हणजे झालं. लिमिटेड डिस्टन्समध्ये मात्र रेषा ओलांडूनही घड्याळ थांबत नाही. घोड्याची नाडी साठवर आली की मगच तुमची वेळ लागते. म्हणजे शेवटचा किलोमीटर भरधाव पळवत आणणारा धापा टाकत उभा राहणार आणि मागून आरामात आलेला त्याच्या पुढे जाणार! पल्ला कमी असला की वेगाचा मोह वाढतो, त्या मोहावरचा हा उतारा आहे. मला विचाराल तर हा नियम मोठ्या राइडनाही लावायला हवा.

छोट्या राइडची गरज घोड्याच्या शरीरातच आहे. ट्रेनिंग सुरू केलं की हृदय आणि स्नायू काही महिन्यांत फिट होतात, पण कंडरा, सांधे आणि हाडं फार हळू तयार होतात. म्हणजे घोड्याचा दम तयार असतो, पाय नसतात. (जिममध्ये तिसऱ्या आठवड्यात गुडघा धरून बसलेल्यांना हे कळेल.) म्हणूनच आंतरराष्ट्रीय संघटना एफईआयही थेट मोठ्या स्पर्धेत उतरू देत नाही. आधी चाळीस किलोमीटरपासूनच्या राइड मर्यादित वेगात पूर्ण करून दाखवायच्या, मग पुढचं बोला.

ही शिस्त मोडली की काय होतं, हेही या खेळाने पाहिलंय. घोड्यांच्या हालांवरून एफईआयने २०१५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीच्या फेडरेशनलाच निलंबित केलं. २०१८ मध्ये अमेरिकेत ट्रायॉनला जागतिक स्पर्धा होती. सुरुवातीलाच गोंधळ, मग १६० चे १२० किलोमीटर केले आणि उष्म्यापायी शेवटी राइडच रद्द! न्यूझीलंडच्या एका घोड्याला नंतर दयामरण द्यावं लागलं.

आपल्याकडे काय? भारतात इक्वेस्ट्रियन फेडरेशन ऑफ इंडियाच्या छत्राखाली एन्ड्युरन्स होतं. मारवाडी, काठियावाडी घोडे तर काटकपणासाठी प्रसिद्धच. महाराष्ट्राचा हुकमाचा एक्का म्हणजे भीमथडीचं तट्टू. आपल्या नागपूरच्या राजा बढ्यांच्या गीतात ते आहे आणि २०२३ पासून ते गीत राज्यगीत आहे. पण हे तट्टू काही गाण्यापुरतं उरलेलं नाही. पुणे, सातारा, सोलापूरकडचे धनगर आजही मेंढरांबरोबर भटकताना संसार त्याच्याच पाठीवर लादतात. रोज थोडं चालायचं, मुक्काम करायचा, पुन्हा उद्या चालायचं. एन्ड्युरन्सचं याहून अस्सल ट्रेनिंग कुठल्या क्लबात मिळणार?

काकांना आता खुमखुमी आलीये, की मुर्रीत एक राइड करूच. चाळीस किलोमीटर म्हणजे जवळजवळ बालाघाट. होईलही, पण मे महिन्यात अजिबात नाही. आमच्याकडचा पारा तेव्हा पंचेचाळिशीला टेकतो. धान कापून झाल्यावर, डिसेंबरच्या थंडीत, पहाटे निघायचं. डांबरी रस्ता टाळून बांधाकडेच्या मातीच्या वाटा धरायच्या, टप्प्याटप्प्यावर पाण्याच्या टाक्या ठेवायच्या. आणि पट्टीचा स्वार मिळो न मिळो, स्टेथोस्कोपवाले पशुवैद्यक मात्र आधी बुक करायचे.