पिवळ्या रंगावर जाऊ नका

पावसाळ्यात सह्याद्रीतल्या पायवाटेवर, कुजलेल्या ओंडक्यावर किंवा पाचोळ्यात पिवळाधमक, बुळबुळीत, जाळीदार थर पसरलेला दिसतो. फोटो काढला की मोबाइलमधले ॲप लगेच ‘फुलिगो सेप्टिका’ असे नाव काढून देते. ते बरोबर असेलही, पण त्या अवस्थेत ते सिद्ध करता येत नाही. हा थर बुरशीचा नव्हे, अमीबाच्या गोतावळ्यातल्या स्लाइम मोल्डचा. आणि तो आख्खा म्हणजे असंख्य केंद्रके असलेली एकच पेशी, प्लाझ्मोडियम. जिवाणू आणि बुरशीचे बीजाणू गिळत ती सावकाश सरकते. फुलिगोची ही पेशी पिवळी, प्रयोगशाळांत चक्रव्यूह सोडवून गाजलेल्या फायसेरम पॉलिसेफॅलमची पिवळी आणि लिओकार्पस फ्रॅजिलिसचीही पिवळीच. त्यातून आम्लता बदलली की फायसेरमच्या रंगाची छटाही पालटते. एवढ्यावर नाव ठेवणे म्हणजे निव्वळ अंदाज.

ओळख पटते ती पुढच्या अवस्थेत. उपासमार झाली की प्लाझ्मोडियम बहुधा कोरड्या, उघड्या जागी येते आणि रातोरात त्याच्या बीजाणुधान्या होतात. इथे मात्र साध्या भिंगानेही बरेच कळते. काळ्या केसाएवढ्या बारीक देठांवर तपकिरी तुऱ्यांचा दाट झुपका असेल तर तो स्टेमोनायटिस. वाटाण्याएवढे गुलाबी गोळे, कोवळेपणी टोचले तर गुलाबी लगदा बाहेर येतो आणि पिकल्यावर आत राखाडी भुकटी उरते, ते लायकोगाला. लालसर, फुंकर मारली तरी थरथरणारी जाळीदार बोंडे आर्सिरियाची. लाकडावर पांढऱ्या काचेसारखे इवलेसे खांब उभे असतील तर सेराटिओमिक्सा. याचे बीजाणू कोशाच्या आत नसतात, खांबांच्या बाहेरच धरतात. कोशावर किंवा आतल्या तंतूंत चुन्याचे कण आहेत का, हेही पाहावे, कारण फायसेरमच्या कुळाची ती मोठी खूण.

यावर कुणी म्हणेल, एवढे कळते तर ॲपच्या उत्तरात वाईट काय? प्रजातीपर्यंत काहीच वाईट नाही. अडते जातीपाशी. स्टेमोनायटिस फुस्का आणि स्टेमोनायटिस ॲक्सिफेरा फोटोत सहज गफलत होईल अशा, पण सूक्ष्मदर्शकाखाली पहिलीच्या बीजाणूंवर जाळीची नक्षी, दुसरीचे जवळपास गुळगुळीत. लायकोगालाची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. लिनियसने 1753 मध्ये ‘एपिडेंड्रम’ हे जातिनाम नोंदवले आणि पुढे जगभरचे गुलाबी गोळे त्याच नावाखाली जमा होत गेले. अलीकडच्या डीएनए तपासण्यांत तिथे एक नव्हे, कित्येक जाती निघाल्या. त्यामुळे ‘लायकोगाला, जात अनिश्चित’ ही नोंद मला ठासून लिहिलेल्या पूर्ण नावापेक्षा अधिक भरवशाची वाटते.

दुसरा आक्षेप रास्त आहे: सूक्ष्मदर्शक आणि डीएनए लागणार असेल तर हौशी माणसाने पाहायचेच कशाला? कारण तपासायला नमुना लागतो, आणि तो वेळेवर हाती लागतो तो वाटेने जाणाऱ्यालाच. लागते ती काड्यापेटी. पिकलेल्या बीजाणुधान्या सालीच्या तुकड्यासकट काढायच्या, तो तुकडा पेटीच्या तळाशी डिंकाने चिकटवायचा, सावलीत वाळवायचा आणि वर तारीख, ठिकाण, लाकूड कुठले एवढे लिहायचे. असा नमुना वर्षानुवर्षे टिकतो आणि त्याची नक्षी नंतर कुणालाही पाहता येते. फोटोतून ती कितीही मोठी केली तरी दिसायची नाही. कोवळा नमुना उचलला तर बहुतेक वेळा तो बिघडतो, तेव्हा एक-दोन दिवस थांबून परत जाणे बरे. नुसते प्लाझ्मोडियमच मिळाले, तर साल ओल्या कागदावर डब्यात ठेवून बीजाणुधान्या येतात का पाहता येते. बऱ्याचदा येत नाहीत. अभयारण्यात परवानगीशिवाय साल उचलू नये, हे ओघाने आलेच. तिथे फोटो काढावा आणि खाली ‘पिवळे प्लाझ्मोडियम, कुजके लाकूड’ एवढेच लिहावे.