रिपोर्ट नॉर्मल आहे, तरी दुखतंय

मागच्या वेळी आपण देकार्तच्या घंटेपाशी थांबलो होतो. पायाला चटका बसला की दोरी ओढली जाते आणि वर मेंदूत घंटा वाजते, असं त्याचं वेदनेचं चित्र. आज हे चित्र ओटीपोटाच्या जुनाट दुखण्याला लावून पाहू. तिथे ते लवकर अपुरं पडतं.

बेंबीखालचं दुखणं साधारण सहा महिन्यांहून जास्त टिकलं की त्याला जुनाट म्हणतात. ते पुरुषांनाही होतं. पण आज आपण बायकांपुरतं बोलू. 'पाळीत दुखायचंच', 'एक मूल झालं की थांबेल' ही वाक्यं आपल्याच घरांतली. बाई दुखणं अंगावर काढते. पुढे कधीतरी सोनोग्राफी होते, रिपोर्ट नॉर्मल येतो, आणि घरचे म्हणतात, बघ, काही झालेलं नाही!

आता हे अनुमान तपासू. कुमारिल भट्टांच्या मीमांसेत अनुपलब्धी, म्हणजे न दिसणं, हे प्रमाण मानलंय. पण त्याला अट आहे: ती वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. उजेडात घडा दिसला नाही, तर घडा नाही. अंधारात दिसला नाही, तर काहीच सिद्ध होत नाही.

एंडोमेट्रिओसिस घ्या. यात गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढतो. अंडाशयावर त्याची गाठ झाली तर सोनोग्राफीत दिसते. पोटाच्या आतल्या आवरणावरचे बारीक ठिपके सहसा दिसत नाहीत. हा अंधारातला घडा. पूर्वी दुर्बिणीतून पाहिल्याशिवाय निदान पक्कं मानत नसत. युरोपीय तज्ज्ञांच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचनांनी तो आग्रह सोडला. लक्षणांवरून औषध सुरू करता येतं. आणखी एक गंमत (गंमत कसली म्हणा!): आजार किती पसरलाय आणि दुखतं किती, याचा मेळ बसत नाही. चार ठिपके असलेली कळवळते, आणि दुसरीचा पसरलेला आजार वंध्यत्वाच्या तपासणीतच कळतो.

शिवाय दोरी एकच नसते. मूत्राशय, आतडं, ओटीपोटाच्या तळाचे आखडलेले स्नायू, पोटाची भिंत, यांपैकी दोन-तीन एकदम ओढत असतात. आणि बरीच वर्षं वाजून वाजून घंटाच हळवी होते: मज्जासंस्था साध्या स्पर्शालाही वेदना म्हणून घेते. हे 'मनाचे खेळ' नव्हेत. वेदना-अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२०मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा स्पष्ट म्हटलं की वेदना नेहमीच व्यक्तिगत अनुभव असते आणि माणसाच्या सांगण्याचा आदर व्हावा.

म्हणून निदानाचा मोठा भाग विचारण्यात असतो. लघवी साठली की दुखतं का? शौचानंतर हलकं वाटतं का? पाळीआधी वाढतं का? संबंधाच्या वेळी? हा शेवटचा प्रश्न सासू शेजारी बसलेली असताना विचारून उपयोग नाही. बाईला एकटीला विचारावा. कार्नेटची एक जुनी तपासणी आहे. उताणं झोपवून दुखरी जागा दाबायची आणि डोकं-खांदे उचलायला सांगायचं. दुखणं कमी झालं तर उगम बहुधा आत. तेवढंच राहिलं किंवा वाढलं तर पोटाच्या भिंतीत. अर्ध्या मिनिटाचं काम, यंत्राशिवाय.

पाळी गेल्यावर रक्त जाणं, वजन उतरणं, ताप यांत मात्र थांबू नये. एरवी डॉक्टरांकडे जाताना दोन-तीन महिन्यांची वही न्यावी: तारीख, पाळीचा दिवस, कुठे दुखलं, दहापैकी किती, आणि त्या दिवशी काय काय करता आलं नाही.